आयफोन एअर आणि ५.६४ मिलिमीटरचा हिशेब

यंदा खंडेनवमीला आमच्या भोसरीच्या टूलरूममध्ये नेहमीप्रमाणे यंत्रे पुसून झाली, व्हीएमसीला (धातू कापणाऱ्या संगणकचालित यंत्राला) झेंडूची माळ चढली आणि व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज ही मोजमापाची हत्यारे एका स्वच्छ कापडावर पूजेसाठी मांडली गेली. क्वालिटी विभागातील एका तरुण सहकाऱ्याने आठ-दहा दिवसांपूर्वी घेतलेला आपला आयफोन एअर त्या हत्यारांच्या शेजारी ठेवला आणि हळद-कुंकू वाहून झाल्यावर तो मला म्हणाला, ‘‘सर, आज हत्यारं उचलायची नाहीत, पण सुट्टीनंतर हा फोन मोजायचाच.’’ त्याप्रमाणे दसरा झाल्यावर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो मोजला. काठाला चार ठिकाणी घेतलेली मापे ५.६२ ते ५.६६ मिलिमीटरच्या दरम्यान आली. ॲपलने अधिकृत तपशिलात ५.६४ हा आकडा दिलेला आहे, म्हणजे सांगितले तेवढेच माप त्यांनी वस्तूत उतरवलेले आहे. कॅमेऱ्याच्या उंचवट्यापाशी मात्र व्हर्निअरने ११ मिलिमीटरच्या पुढचा आकडा दाखवला.

हा फोन ९ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाला आणि १९ सप्टेंबरपासून दुकानांत आला. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या माणसांमध्ये त्याविषयी दोनच प्रकारची मते ऐकू येत आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की एवढा पातळ फोन हा निव्वळ दिखावा आहे; एकच कॅमेरा, लहान बॅटरी आणि किंमत १,१९,९०० रुपये, मग तो घ्यायचा कशासाठी? दुसऱ्या बाजूच्या माणसांनी तो एकदा हातात घेतलेला असतो आणि त्यानंतर त्यांना त्याच्या उणिवा ऐकायच्याच नसतात. मी सव्वीस वर्षे धातू कापण्याच्या कामात आहे, त्यामुळे मला या दोन्ही मतांच्या आधी ती वस्तू कशी बनवली आहे हे पाहावेसे वाटले, आणि ते पाहिल्यावर पहिल्या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. दुसऱ्या मताशीही माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे, परंतु तो मुद्दा बॅटरीचा नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही.

आधी जाडीविषयी लिहितो, कारण जाडी कमी करणे म्हणजे काय हे बहुतेक चर्चांमध्ये नीट सांगितले जात नाही. लाकडी फूटपट्टी आडवी धरली तर ती सहज वाकते आणि तीच उभ्या काठावर धरली तर वाकत नाही, हे आपण शाळेत अनुभवलेले असते. वाकण्याला होणारा विरोध हा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. साधा आयफोन १७ हा ७.९५ मिलिमीटर जाडीचा आहे. तीच रुंदी आणि तोच धातू ठेवून जाडी ५.६४ वर आणली, तर त्या पट्टीचा ताठपणा जवळजवळ पावणेतीन पटींनी घटतो. जाडीतली घट तीस टक्क्यांहूनही कमी असते, पण ताठपणा मात्र एक तृतीयांशाच्या थोडा वरच उरतो. शिवाय एअरचा पडदा ६.५ इंचांचा, म्हणजे आयफोन १७ च्या ६.३ इंचांहून मोठा आहे, त्यामुळे वाकवणाऱ्या बळाला तरफही जास्त लांब मिळते. २०१४ साली आयफोन ६ प्लस पँटच्या खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या होत्या. तो फोन ७.१ मिलिमीटर जाडीचा होता आणि त्याचा धाकटा भाऊ आयफोन ६ हा ६.९ चा, आणि २०२५ पर्यंत ॲपलचा सर्वांत पातळ फोन तोच होता. त्या दोघांपेक्षाही सव्वा ते दीड मिलिमीटरने पातळ फोन बाजारात आणायचा, तर जुनेच ॲल्युमिनियम वापरून ते शक्य नव्हते.

म्हणून एअरची चौकट ग्रेड ५ टायटॅनियमची आहे. हा धातू आमच्याकडे कधी कधी येतो आणि तो आला की ऑपरेटर मंडळी गप्प होतात, कारण टायटॅनियम कापताना निर्माण होणारी उष्णता जॉबमधून (कापल्या जाणाऱ्या तुकड्यातून) किंवा चिपमधून (निघणाऱ्या कीसातून) निघून न जाता टूलच्या टोकाशी साठते आणि इन्सर्ट, म्हणजे टूलचे कापणारे टोक, बघता बघता झिजून जातो. पातळ भिंतीचा जॉब असेल तर तो टूलखाली थरथरतो, पृष्ठभागावर लाटा उमटतात आणि फिनिश बिघडते. एअरची चौकट तर आरशासारखी चकचकीत आहे. अशा पॉलिशमध्ये एक ओरखडादेखील लपत नाही हे ज्याने कधी डाय (धातूचा साचा) पॉलिश केलेला आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. मी भिंग लावून तो काठ चारही कोपऱ्यांत पाहिला आणि मला टूलची एकही खूण सापडली नाही. एवढ्या संख्येने बनणाऱ्या वस्तूत हे जमवणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

बळाचा हिशेबही जमतो. ग्रेड ५ टायटॅनियमचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे १.६ पट असतो, तर आयफोन ६ शी तुलना करता जाडीमुळे झालेली घट सुमारे १.८ पट आहे, म्हणजे बरीचशी तूट केवळ धातू बदलल्यानेच भरून निघते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फोन क्षणभर वाकून पूर्ववत होणे वेगळे आणि वाकलेलाच राहणे वेगळे. कायमचे वाकणे धातूच्या यील्ड बळावर, म्हणजे ज्या मर्यादेपुढे धातू पूर्ववत होत नाही तिच्यावर, अवलंबून असते आणि ते या टायटॅनियममध्ये नेहमीच्या ६००० मालिकेतील ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट असते. तेथे जाडीचा परिणाम घनाने नव्हे तर वर्गाने होतो, त्यामुळे जाडीतली तूट दीडपट आणि धातूतली भर तिप्पट, असा सरळ फायदा उरतो. काच, पडदा आणि बॅटरी यांचा परस्परांना मिळणारा आधार या आकडेमोडीत धरलेला नाही, तरीही खिशात बसल्यावर हा फोन २०१४ सारखा वाकून राहील ही भीती निराधार आहे, एवढे यावरून खात्रीने म्हणता येते.

चार्जिंगच्या तोंडापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. टाइप-सी प्लग बसण्यासाठी लागणाऱ्या पोकळीची उंची २.५ मिलिमीटरच्या थोडी वर असते. ५.६४ मधून ती वजा केली, तर वर आणि खाली मिळून सुमारे तीन मिलिमीटर उरतात आणि त्यातच पडदा, त्यावरची काच आणि मागची काच बसवायची असते. या फोनची ती खाच काठाच्या बरोबर मधोमध नाही, मागच्या बाजूला किंचित सरकलेली आहे. काही जणांना ती पाहून जोडणीत चूक झाल्यासारखे वाटले, परंतु पडद्याला जागा देण्यासाठी तसे करणे भाग होते. ॲपलने हे तोंड टायटॅनियममध्ये थ्रीडी प्रिंटिंगने बनवले आहे आणि नेहमीच्या फोर्जिंगपेक्षा (धातू दाबून-ठोकून आकार देण्यापेक्षा) त्यात ३३ टक्के कमी धातू लागतो असे त्यांचे म्हणणे आहे. जेथे भिंत एवढी पातळ असते तेथे अखंड ठोकळ्यातून कोरून काढण्यापेक्षा थरावर थर देत उभारणे शहाणपणाचे असते. आमच्याकडेही मोल्डमधल्या वाकड्यातिकड्या कूलिंग वाहिन्यांसाठी हीच पद्धत आता पसरू लागली आहे.

आत काय आहे हे उंचवट्यावरून कळते. मागच्या बाजूला वर जो आडवा फुगवटा आहे, त्यात कॅमेरा, स्पीकर आणि ए१९ प्रो चिप यांच्यासह जवळजवळ सर्व इलेक्ट्रॉनिक्स कोंबलेले आहे आणि त्याखालची बहुतेक सगळी जागा बॅटरीने व्यापलेली आहे. म्हणजे खऱ्या अर्थाने पातळ आहे ती बॅटरीची बाजू आणि फोनचा मेंदू राहतो तो भाग साध्या फोनइतकाच जाड आहे. यात कोणाची फसवणूक झाली असे मी मानत नाही. हाताची बोटे फोनला जेथे धरतात तो भाग पातळ आहे आणि १६५ ग्रॅम वजन संपूर्ण फोनचे आहे. आयफोन १७ प्रो मॅक्स २३० ग्रॅमच्या वर जातो. मी रात्री झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास पडल्या पडल्या वाचतो आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जुने दुखणे आहे, त्यामुळे हे पासष्ट-सत्तर ग्रॅम माझ्यासाठी कागदावरचे नाहीत. एअर एका हातात धरून मी त्यावर दहा मिनिटे वाचले आणि अंगठ्याला ताण जाणवला नाही.

पातळपणा हा नवा शोध नव्हे, हेही नोंदवून ठेवतो. २०१४-१५ च्या सुमारास जिओनीचा ईलाइफ एस५.१ आणि मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास स्लिव्हर ५ हे दोन्ही फोन सुमारे ५.१ मिलिमीटर जाडीचे होते आणि आपल्याकडच्या दुकानांत ते मिळत होते. त्यांचा पडदा ४.८ इंचांचा होता आणि बॅटरी साधारण २००० एमएएचची (एमएएच हे बॅटरीच्या क्षमतेचे माप). फोनवर व्हिडिओ पाहणे आणि दिवसभर इंटरनेट वापरणे वाढले तशी ती बॅटरी पुरेनाशी झाली, मग सगळ्याच कंपन्यांनी फोन पुन्हा जाड केले आणि ग्राहकांनी ते आनंदाने घेतले. २०२५ मध्ये सॅमसंगने मे महिन्यात ५.८ मिलिमीटरचा गॅलेक्सी एस२५ एज आणला आणि त्यात ३९०० एमएएचची बॅटरी दिली. टेक्नोने सप्टेंबरच्या सुरुवातीला वीस हजारांच्या आत ५.९५ मिलिमीटरचा फोन आणला आणि त्यात ५१६० एमएएचची बॅटरी बसवली. एअरमध्ये ती ३१४९ एमएएच आहे. टेक्नोच्या फोनमधला चिप, धातू आणि कॅमेरा यांची एअरशी बरोबरी होणार नाही, तरीही तीन दशांश मिलिमीटरच्या फरकात दोन हजार एमएएचची तफावत पाहून मी थबकलो.

बॅटरीच्या रसायनात सध्या मोठा बदल होत आहे. ग्रॅफाइटच्या ऋण ध्रुवात सिलिकॉन मिसळले की तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा साठते आणि वनप्लस १३ सारख्या फोनला त्यामुळेच ६००० एमएएच मिळाले. अडचण अशी की लिथियम शोषताना सिलिकॉन तीन-चार पटींनी फुगते आणि सोडताना आकसते, त्यामुळे वारंवारच्या चार्जिंगने ध्रुवाला भेगा पडण्याचा धोका राहतो. ॲपल आणि सॅमसंग या दोघांनीही अद्याप तो मार्ग धरलेला नाही. एवढ्या पातळ फोनमध्ये बॅटरी अर्धा मिलिमीटर फुगली तरी पडदा उचलला जाईल, हे लक्षात घेता त्यांचा सावधपणा मला समजतो. परंतु त्याची किंमत वापरणाऱ्याला रोज संध्याकाळी द्यावी लागते. माझा सहकारी मोशीहून भोसरीला येतो, दिवसभर कामाचे फोन आणि थोडे व्हिडिओ एवढाच त्याचा वापर आहे, आणि त्याला दिवस पुरतो. ज्या दिवशी तो नकाशा लावून नाशिकला गेला, त्या दिवशी मंचरच्या पुढे त्याला गाडीत चार्जर लावावा लागला.

आपल्या उन्हाळ्याचीही मला काळजी वाटते. ॲपल आपल्या फोनसाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस हे वापराचे तापमान सांगते. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी पारा त्याच्या वर असतो आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात तो पंचेचाळिसाला टेकतो. आयफोन १७ प्रोमध्ये या वेळी ॲल्युमिनियमची चौकट आणि उष्णता पसरवणारा व्हेपर चेंबर दिलेला आहे, एअरमध्ये व्हेपर चेंबर नाही आणि टायटॅनियम तर उष्णतेचा अत्यंत मंद वाहक आहे. जो धातू चौकटीला वाकू देत नाही तोच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून उन्हात फिरणाऱ्या माणसाने हा फोन घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅमेरा आणि स्पीकर यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ४८ मेगापिक्सेलचा एकच मागचा कॅमेरा उत्तम आहे, पण अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारा) कॅमेरा नसल्यामुळे लहान खोलीत भिंतीला पाठ लावून सगळ्या घराचा फोटो घेता येत नाही आणि फुलाच्या पाकळीच्या अगदी जवळही जाता येत नाही. स्पीकर केवळ कानाशी असलेला एकच आहे, त्यामुळे फोन आडवा धरून पाहताना आवाज एका बाजूने येतो. पुढचा १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा मात्र चौकोनी सेन्सरचा आहे आणि फोन उभाच धरून आडवा फोटो घेता येतो. ही सोय मला खरोखर आवडली.

माझा खरा मतभेद आहे तो सिमविषयी. आयफोन एअरमध्ये सिमकार्डाचा ट्रे नाही आणि हे केवळ अमेरिकेत नव्हे तर सगळ्या देशांत आहे. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदले जाणारे सिम, वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. चोराला सिम काढून फेकता येत नाही, त्यामुळे फोन नेटवर्कवर राहतो आणि शोधणे सोपे जाते. ट्रेची फट नाहीशी झाल्याने पाण्याला शिरायला एक वाट कमी होते आणि आत जागा वाचते. ती जागा किती, हे ॲपलच्याच आकड्यांवरून कळते. आयफोन १७ प्रोच्या ट्रे असलेल्या आवृत्तीत ३९८८ एमएएचची बॅटरी आहे आणि केवळ ई-सिमच्या आवृत्तीत ४२५२ ची, म्हणजे ट्रेची जागा साधारण २६५ एमएएच एवढी भरते. एअरमध्ये तेवढी बॅटरी कमी केली असती, तर सुमारे आठ टक्के शक्ती गेली असती. मला ती गेलेली चालली असती.

याचे कारण माझ्या घरातले आहे. माझी आई संगमनेरजवळच्या गावी राहते. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. शेजारच्या मुलाने कपाटातला जुना बटणांचा फोन काढला, भिजलेल्या फोनमधले सिम पुसून त्यात घातले आणि पाच-सात मिनिटांत तिने मला फोन करून सांगितले, ‘‘काळजी करू नको, नंबर चालू हाय.’’ त्या मुलाला कोणाची परवानगी लागली नाही, इंटरनेट लागले नाही आणि तालुक्याला जावे लागले नाही. आईचे ई-सिम असते, तर दुसरा ई-सिमचा फोन, चालू इंटरनेट आणि ओळख पटवण्याची प्रक्रिया हे सगळे त्या दुपारी जुळून यावे लागले असते.

शहरातही हा व्यवहार सोपा नाही. गेल्या वर्षी पत्नीचा नंबर आम्ही ई-सिमवर नेला. सिम बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद ठेवावेत, असा दूरसंचार विभागाचा २०२२ च्या नोव्हेंबरमधला आदेश आहे आणि दुसऱ्याच्या नावाने सिम काढून खाती रिकामी करणाऱ्यांना रोखण्यासाठी तो आवश्यकही आहे. परंतु दुकानातल्या माणसाने आम्हाला त्याची कल्पना दिली नव्हती, त्याच दिवशी विम्याच्या हप्त्याची शेवटची तारीख होती आणि ओटीपी येणे शक्य नव्हते. यूपीआय नव्या फोनवर नोंदवायचे तर त्यासाठीही फोनमधून एसएमएस जावा लागतो, म्हणून तेही अडले. शेवटी हप्ता मी माझ्या खात्यातून भरला. नंबर बदलताना एकदा होणारा हा त्रास सहन करता येतो. मात्र ज्या फोनला ट्रेच नाही, तो दुरुस्तीला गेला, हरवला किंवा बंद पडला की दर वेळी याच वाटेने जावे लागणार आणि आपल्या देशात बँक, गॅस, रेल्वे, आधार या सगळ्यांची दारे आता त्या एका नंबरने उघडतात.

म्हणून मी एअर घेणार नाही. माझा सध्याचा फोन पाच वर्षांचा झाला आहे आणि दिवाळीत मी ८२,९०० रुपयांचा साधा आयफोन १७ घेण्याचे ठरवले आहे, ज्याच्या आपल्याकडच्या आवृत्तीत ट्रेही आहे आणि ई-सिमही चालते. तो १७७ ग्रॅमचा आहे, म्हणजे अंगठ्याला एअरपेक्षा बारा ग्रॅम जास्त पेलावे लागतील. चौकट मात्र एअरचीच मनात राहिली आहे, आणि पुढच्या एखाद्या वर्षी तीच चौकट आठ दशांश मिलिमीटरने जाड करून, मोठी बॅटरी आणि ट्रे घालून कोणी दिली, तर मी रांगेत उभा राहीन.

मोजणी झाल्यावर सहकाऱ्याने फोन मऊ कापडाने पुसला आणि कव्हर न घालता शर्टाच्या खिशात ठेवला. मी त्याला विचारले की जुन्या फोनचे काय केले, विकला का. तो म्हणाला, ‘‘नाही सर, विकता येत नाही. बाबांच्या बँकेचा नंबर माझ्या दुसऱ्या सिममध्ये असायचा. तो त्यांच्या नावावर आहे, ई-सिम करायचं तर त्यांना दुकानात यावं लागेल आणि ते गुडघ्यामुळे गावाहून निघत नाहीत.’’ तो जुना फोन त्याच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये चार्जरला लावलेला आहे आणि बाबांचा ओटीपी आला की तो ड्रॉवर उघडून त्यांना आकडे सांगतो.